साठात दोन इंच कमी

"हा नका घेऊ. हा खोटा आहे," दुकानवाली म्हणाली आणि माझ्या छातीत काहीतरी लटकन हललं. बहात्तराव्या वर्षी छातीत काही हललं की माणसानं आधी टेकायला खुर्ची शोधावी. मी खुर्ची शोधली नाही, टेप आणखी घट्ट धरला. शिंप्याचा टेप. तेल पाजलेल्या पिवळसर कापडाचा, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, आणि त्यावरचे आकडे असे की बघत राहावं. दोनची मान डौलदार, सातचा कणा ताठ, नऊचं पोट नेमकं जिथे यायला हवं तिथे. पंचेचाळीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आकडा देखणा असला की मला तो खराच वाटतो. "खोटा म्हणजे?" मी विचारलं. तिनं गल्ल्यामागून स्टीलची पट्टी काढली, टेप तिच्या शेजारी पसरला आणि बोटानं दाखवत गेली. सुरुवातीला दोन्ही बरोबर चालले होते. मग टेप हळूहळू पुढे निघाला, घाईत असलेल्या माणसासारखा. "लिहिलेत साठ इंच, भरतात अठ्ठावन्न. छापायचा रूळ झिजला होता म्हणे कारखान्यात. सगळा माल जाळला, हा एक वाचला. मी शोभेला ठेवलाय." "मला हाच हवा," मी म्हटलं. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कुणाला द्यायचाय?" "शिंप्याला." "शिंपी काय वैरी आहे तुमचा?" "छे हो," मी म्हटलं, "मेहुणे आहेत." "मग बांधूनच देते," असं म्हणून तिनं तो टिकलीएवढ्या गाठीच्या दोऱ्यानं बांधला, आणि त्या गाठीकडे बघताना मला अकरा वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

या दुकानाची पाटी माझ्याच हातची. लॉन्ड्री आणि चावीवाला यांच्या मधल्या फटीत कुणीतरी हे दुकान सरकवून दिलंय. इतकं अरुंद, की आत जाताना माणसानं एकच विचार घेऊन जावं, दोन मावत नाहीत. काय विकता म्हणून लिहू, असं विचारल्यावर दुकानवालीनं तीन दिवस डोकं खाजवलं आणि सांगितलं, 'आत या' एवढंच लिहा. तेवढंच लिहिलं. आत एकाच हाताचे हातमोजे मिळतात, बाहुल्यांचे सुटे डोळे मिळतात, मोडलेल्या बँडपथकांची बटणं मिळतात, आणि एक घंटा आहे ती हवा दमट असेल तरच वाजते. निदान मी सगळ्यांना तसं सांगतो. अमुक आहे का, असं नाव घेऊन विचारलं की बाई 'नाही' म्हणते, वस्तू समोर लटकत असली तरी. शहरात अशी दुकानं माझ्या माहितीत बावीस आहेत. एक जण नुसती झाकणं विकतो. ज्यांची झाकणं हरवलीत ती माणसं भांडी कडेवर घेऊन त्याच्याकडे येतात आणि लहान पोराला टोपी घालून बघावी तसं एकेक झाकण लावून बघतात. एका म्हातारीकडे फक्त दोऱ्या असतात, आणि कुठली दोरी कशाला बांधलेली होती ते ती वास घेऊन सांगते. या सगळ्यांच्या पाट्या माझ्या. मोठी दुकानं छापील पाट्या लावायला लागली तेव्हा माझ्याकडे हेच लोक उरले, आणि यांच्याकडे मी. पाटी रंगवून झाली की मी दुकानातून मुठीत मावेल अशी एक वस्तू उचलायचो. ती ताईसाठी.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिच्या घरी जायचं म्हणजे खाली दुकान, वर घर. खालच्या दुकानात लांबलचक टेबलावर मेहुणा कापड बेतत असायचा, आणि टेबलाच्या कडेला ताई काजं करत बसलेली. मी मूठ उघडायचो. "आज काय आणलंस?" मग वस्तू एवढीशी आणि तिची गोष्ट एवढी मोठी. नखाएवढी किल्ली आणली तर ती अशा सरदाराच्या कपाटाची, की ज्याच्या मिशा धुवायला दोन माणसं लागत आणि वाळवायला आपला चारशे फूट उंच पूल. ताई पोट धरून हसायची, सुई बोटात जाईल म्हणून आधी कापडाला टोचून ठेवायची आणि मग हसायची. आणि टेबलाच्या पलीकडून, मान वर न करता, खडूची रेघ न थांबवता, तो म्हणायचा, "पूल चारशे फूट नाही, मेहुणे. चाळीस फूट आहे." तो चुकत नसे. हेच तर त्याचं दुखणं होतं. माणसाला बघून त्याचं माप सांगायचा आणि वर टेप लावून स्वतःलाच शाबासकी द्यायचा. मी डोळ्यांच्या अंदाजानं काम करणारा. शिडीवर चढलो की अक्षर किती मोठं ते माझा खांदा ठरवायचा. 'तुमची अक्षरं डावीकडे अर्ध्या बोटानं कललीत,' असं तो रस्त्यात उभा राहून सांगायचा, दुकानदारादेखत. मी खाली उतरून पुसायचो. पुसताना त्याच्या मापानं पुसायचो, हे मला अजून झोंबतं.

पण हे सगळं चिल्लर. यासाठी कुणी अकरा वर्षं वैर पाळत नाही. ताई आजारी पडली तेव्हा त्यानं तिच्या खोलीच्या दारावर कागद लावला. सुंदर अक्षर त्याचं, मान्य करतो. 'भेटीची वेळ चार ते सहा.' औषधाचे तास, पाण्याचे पेले, उशा किती आणि कशा, सगळं लिहिलेलं. मी रोज चारला हजर. एक दिवस पाटीचं काम लांबलं, शिडीवरून उतरेपर्यंत उशीर झाला, आणि धावत गेलो तर सहा वाजून दहा मिनिटं. खिशात किल्ली फिरवली की वाजणारी, काड्यापेटीएवढी वाद्यपेटी होती. तिचे सगळे दात पडले होते, एकच उरला होता, त्यामुळे ती कुठलंही गाणं एकाच सुरात म्हणायची. ताई हिच्यावर दोन दिवस हसणार, या खात्रीनं मी जिने चढलो. त्यानं साखळीपुरतं दार उघडलं. आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सहा दहा," तो म्हणाला. "भावजी, दोन मिनिटं. नुसतं हातात देतो." "आता निजलीये. उद्या चारला या." साखळी हलली नाही. आतून ताईचा आवाज आल्यासारखा वाटला, 'कोण आलंय?' असा. आला असेल, नसेलही. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता ती गेली. चार वाजायला चार तास होते. वाद्यपेटी मी पुलावरून खाली सोडली. चाळीस फूट खाली.

महिनाभरानं मी त्याच्या दुकानात गेलो. तो कापड बेतत होता. "भावजी, दहा मिनिटांनी काय बिघडलं असतं?" खडू थांबला. त्यानं मान वर केली, आणि माझी शपथ, त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता की दुःख नव्हतं, नुसता प्रश्न होता. "वेळ ठरली होती ना? मग माझं काय चुकलं?" त्यानं खरोखर विचारलं होतं. उत्तर मिळालं तर तो वहीत लिहून ठेवेल, असं. दुकानाची पायरी उतरताना ठरवलं, की या माणसाला उत्तर द्यायचं. त्याच्या तोंडून 'माझं चुकलं' हे शब्द काढल्याशिवाय मरायचं नाही. आता लोक म्हणतील, दोन शब्दांसाठी एवढं? मी उभं आयुष्य पाट्यांवर दोन-दोन शब्द लिहून काढलंय. दोन शब्दांचं वजन मला ठाऊक आहे.

तेव्हापासून दरवर्षी ताईच्या जाण्याच्या दिवशी मी त्याला एक भेट नेतो. त्याच बावीस दुकानांतून, तशीच मुठीत मावणारी, देखणी, आणि अगदी किंचित चुकीची. बरोबर माणसाच्या घरात चूक सोडायची, उंदीर सोडावा तशी. पहिल्या वर्षी तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ नेलं, ते अठरा सेकंद जास्त घ्यायचं. मग दोन अंश चढ सांगणारा तापमापक. मग उत्तरेच्या जरा बाजूला बघणारं होकायंत्र, बायकोकडे बघायचं टाळणाऱ्या नवऱ्यासारखं. एकदा पातळी बघायची नळी नेली, तिच्यातला बुडबुडा सपाट टेबलावरही थोडा रुसून एका बाजूला बसायचा. मला वाटायचं, तो यांच्यावर विसंबेल, एक दिवस कुठेतरी फसेल, चारचौघांत तोंडावर पडेल. कसलं काय! भेट हातात घेतली की तो "छान आहे" म्हणायचा, खुर्ची पुढे ओढायचा आणि माझ्यासमोरच ती तपासायला बसायचा. अर्धा तास, कधी तास. मग चिमुकली चिठ्ठी लिहून वस्तूला चिकटवायचा. 'अठरा सेकंद जास्त.' 'दोन अंश चढ.' 'उत्तरेच्या तीन अंश पूर्वेला.' आणि काचेच्या कपाटात ठेवून द्यायचा. गिऱ्हाइकं बघायची, म्हणायची, "वा, काय संग्रह!" दहा वर्षांचं माझं विष कपाटात ओळीनं मांडलेलं, प्रत्येकावर त्याच्या हस्ताक्षरात मात्रा लिहिलेली. त्या कपाटासमोर बसून मी त्याच्या घरचा चहा प्यायचो आणि कप खाली ठेवताना बशी जराशी वाजवायचो. तेवढाच काय तो सूड.

या वर्षी भाचीचं लग्न ठरलं. ताईची मुलगी, एकतिशीची, रुग्णालयात क्ष-किरण काढते, माणसाच्या आतलं बघून बघून बाहेरच्या माणसावर भाबडा विश्वास ठेवायला शिकलेली. लग्न कचेरीत सह्या करून, नंतर छोट्या सभागृहात जेवण. थंडीचे दिवस. "मामा, मी कोट घालणार. लांब, निळा. बाबा शिवणार." त्याच्या हाताला आता कंप सुटला होता, गिऱ्हाइकं तुटली होती. हा त्याचा शेवटचा कोट, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला होता. शेवटचा, आणि मुलीचा, आणि शंभर माणसांसमोर. हा कोट बिघडला तर? हा विचार माझ्या मनात आला तेव्हा मी भाचीच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि बघत असतानाही तो आला, हे लिहून ठेवतो. कोट तिच्या अंगावर बिघडणार होता. मी स्वतःला सांगितलं, कोट काय, दुसरा आणता येतो. अकरा वर्षं मुरलेल्या वैराला अशी उत्तरं तोंडपाठ असतात.

टेप मी स्वतः दिला असता तर तो पट्टी काढून बसलाच असता. म्हणून भाचीला बोलावलं. "हा बाबांना तू दे. तुझ्याकडून म्हणून. माझं नाव काढू नकोस, माझ्या हातची वस्तू दिसली की त्यांना तपासल्याशिवाय चैन पडत नाही." तिनं टेप उलगडला, पितळी टोप्यांवरून बोट फिरवलं. "किती गोड आहे रे! कुठे मिळाला?" मग मी सांगितलं, की हा टेप एका अशा शिंप्याचा, जो फक्त सर्कशीतल्या माणसांचे कपडे शिवायचा. उंच माणसाचं माप घ्यायला शिडी लावायचा, बुटक्याचं घ्यायला स्वतः पाटाखाली शिरायचा, आणि एकदा हत्तीच्या गळपट्टीचं माप घेताना टेप लांबवता लांबवता दुसऱ्या गावाला पोचला. भाची हसली. ताईसारखीच, आधी हातातली वस्तू बाजूला ठेवून मग हसली. "मामा, तू ना, किती खोटं बोलतोस!" "किती?" मी विचारलं. "मापात सांग." तिनं मला मिठी मारली. तिचे केस माझ्या हनुवटीला लागले आणि मी मनात म्हटलं, साठात दोन इंच.

माझा हिशेब अचूक निघाला, निदान तिथपर्यंत. मुलीनं दिलेला टेप त्यानं तपासला नाही. आयुष्यात त्यानं तपासली नसेल अशी ही एकच वस्तू. जुना टेप खुंटीवर गेला, हा गळ्यात आला. मी काही ना काही निमित्त काढून दुकानात डोकावायचो. त्यानं भाचीचं माप घेतलं. "कंबर एक इंचानं वाढलीये. खाणं आवर," तो तिला म्हणाला. "बाबा! माझे जुने कपडे सैल होतात हल्ली." "टेप खोटं बोलत नाही," असं म्हणून त्यानं आकडा वहीत टिपला. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बशी वाजवली नाही. गरजच नव्हती. निळ्या कापडावर खडू चालला, त्याच्या कंपातूनही रेघ सरळ निघत होती, आणि ती प्रत्येक सरळ रेघ चुकीच्या जागी पडत होती, असं मला वाटत होतं. कात्रीचा आवाज मी डोळे मिटून ऐकला. करकर, करकर, करकर. इतकं गोड मी काही ऐकलं नव्हतं.

कोट झाला, भाचीनं घातला, आणि तो असा बसला की जणू ती जन्मताच निळी होती. खांदा खांद्यावर, कंबर कंबरेवर, बाही मनगटाच्या हाडाला येऊन अदबीनं थांबलेली. मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. "काय शोधतोस मामा?" "काही नाही गं. सुरेख आहे." तो खुर्चीत बसून चष्मा पुसत होता. आनंद झाला की तो चष्मा पुसतो. मी तडक 'आत या'मध्ये गेलो. "बाई, तुम्ही मला फसवलंत. तुमचा टेप खराच निघाला." दुकानवालीनं सगळं ऐकून घेतलं आणि इतकी हसली की बाहुल्यांचे डोळे बरणीत खुळखुळले. "माप कुठल्या टेपनं घेतलं?" "त्याच." "आणि कापड कुठल्या टेपनं बेतलं?" "त्याच." "अहो रंगारी, मग बिघडणार कसं? जेवढं खोटं अंगाला सांगितलं तेवढंच कापडाला सांगितलं. दोघांचं जमलं! बिघडायला माप एका टेपनं घ्यावं लागतं आणि कापावं लागतं दुसऱ्यानं." मी काउंटरला टेकलो. पंचेचाळीस वर्षं नुसत्या डोळ्यांनी काम केल्यावर हे एवढंसं माझ्या डोक्यात यायला नको होतं का? कुणाही शिंप्याच्या पोराला ठाऊक असतं. मी एक खोटी वस्तू पाठवली आणि ती त्याच्या घरात जाऊन प्रामाणिकपणे नांदायला लागली. मला तेव्हा त्याचा नाही, टेपचाच राग आला.

आणि मग भाचीनं फर्मावलं, "मामा, बाबा तुझाही कोट शिवणार. मी सांगितलंय. दोघं शेजारी उभे राहाल फोटोत." आम्ही तिघं दुकानात होतो. तो उठला, गळ्यातला टेप काढला, आणि माझ्याकडे दोन पावलं आला. त्या दारानंतर त्यानं मला हात लावलेला नाही. मी लावू दिलेला नाही. माझं अंग आपोआप मागे सरलं, पाठ कपाटाला लागली. "अंगाला हात नाही लावायचा," मी म्हटलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्यानं निघालं. तो जागच्या जागी थांबला, टेप हातात लोंबत होता. मग म्हणाला, "राहू दे. माप आहे माझ्याकडे. तुमच्या ताईनं तुमचा तपकिरी कोट शिवायला लावला होता, तेव्हाचं. तुमचं अंग काही बदललेलं नाही." आणि खालच्या कप्प्यातून त्यानं जुनी वही काढली. पंधरा वर्षांपूर्वीची. जुन्या टेपनं घेतलेलं माप. माप एका टेपनं घ्यावं आणि कापावं दुसऱ्यानं! मी एक शब्द बोललो असतो, 'घ्या माप', एवढाच, तर कोट मला भाचीच्या कोटासारखा बसला असता. मी म्हटलं, "हो भावजी, वहीतलंच घ्या. ट्रायलबियल नको, तुमच्यावर माझा विश्वास आहे." त्यानं चमकून माझ्याकडे बघितलं. एवढं मोठं खोटं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि हे त्यानं चाळिसावर आणलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी कोट घालायला बोलावलं. राखाडी कापड, आतून रेशमी अस्तर. बाह्यांत हात घालतानाच मला कळलं. कोट माझ्या अंगावर चढला नाही, त्यानं मला पकडलं. खांदे मागून आवळले, काखेत कापड दाटलं, पुढचं बटण ओढून लावलं तेव्हा छातीवरून दोन्ही बाजूंना सुरकुत्या धावत गेल्या, काचेला तडा जावा तशा. आरशात मी दुसऱ्याच्या कातड्यात शिरलेला म्हातारा दिसत होतो. अहाहा! श्वास अर्धाच घेता येत होता आणि त्या अर्ध्या श्वासात मी अकरा वर्षांची चव घेतली. "बाबा, अहो हे काय!" भाची म्हणाली. तो आला. हात न लावता माझ्याभोवती फिरला. त्याचे डोळे सुरकुत्यांवरून शिवणीवर, शिवणीवरून वहीवर, पुन्हा सुरकुत्यांवर. चेहरा खडूसारखा झाला. असा गोंधळलेला मी त्याला ताईच्या शेवटच्या दिवसांतही बघितला नव्हता. मग तो टेबलाकडे गेला, आमच्याकडे पाठ करून, आणि आरशात मला दिसलं, की त्यानं गळ्यातला टेप काढून टेबलावरच्या स्टीलच्या पट्टीला लावला. पट्टीचे चोवीस इंच संपले तिथे टेप पावणेपंचविसाला पोचला होता. त्याची मान हळूहळू वर आली आणि आरशातून थेट माझ्याकडे वळली. मी नजर हलवली नाही. कपाटातल्या दहा वस्तू आम्ही दोघांनी एकाच वेळी बघितल्या असाव्यात. त्याला कळलं. 'आता बोल,' मी मनात म्हटलं.

"बाबा," भाचीचा आवाज बारीक झाला होता, "माझा टेप बरोबर आहे ना?" तिनं नुसतं विचारलं होतं. पण तिचा हात स्वतःच्या निळ्या कोटाच्या कॉलरवर गेला होता, आणि तो हात मला दिसला, त्यालाही दिसला. 'टेप खोटा आहे, हा तुझ्या मामाचा उद्योग,' एवढं म्हणायचा अवकाश, आणि मी या घरातून कायमचा उठलो असतो. आणि ते खरं असल्यामुळे त्यानं म्हणायलाच हवं होतं. हा माणूस पुलाच्या फुटांवर हटून बसणारा. त्यानं टेप बोटाभोवती गुंडाळला, एकेक वेढा, पितळी टोपी आत दाबली, आणि खिशात घातला. "टेप अगदी बरोबर आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, तिच्यादेखत, "माझं चुकलं, मेहुणे. वय झालं."

आले. दोन्ही शब्द आले. मी त्यांची इतकी वर्षं वाट बघितली, की ते आल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्यामागे आणखी कुणी येतंय का ते बघितलं. कुणी नव्हतं. माझे होते ते शब्द, पण ते माझ्यासाठी आले नव्हते, मुलीच्या अंगावर पांघरूण घालायला आले होते आणि वाटेत माझ्या दारात थांबले, इतकंच. आणि खोटे होते. आयुष्यातलं पहिलं खोटं तो बोलला आणि मी पन्नास वर्षांत बोललो त्या सगळ्यांपेक्षा ते सफाईनं बोलला. मला त्याची गचांडी धरून सांगावंसं वाटलं, हे नाही, हे नको आहे, तू दाराचं म्हण, सहा दहाचं म्हण. आणि त्याच वेळी, कोट छातीला आवळत होता म्हणून असेल, आतून काहीतरी वर दाबलं गेलं. मी त्या दिवशी शिडीवर नव्हतो. अकरा वर्षं मी शिडी सांगत आलोय, वरही तीच लिहिली. पाटी साडेपाचलाच झाली होती. ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून मी त्या झाकणवाल्याला सरदाराच्या मिशांची गोष्ट सांगत बसलो. तो हसत होता आणि मी मिशा लांबवत होतो. दहा मिनिटं त्या मिशांत गेली. साखळी त्याची, मिनिटं माझी. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं, आणि ते अंगाला एवढं घट्ट बसणं वेगळं.

"काढा," तो म्हणाला. "आत कापड सोडलंय मी. उसवून दोन तासांत मोकळा करतो. उद्या कळणारही नाही." हात पुढे केला त्यानं. कंप पावणारा, बोटांवर खडूची पूड. इथे एखादा भला माणूस असता तर त्यानं कोट काढून दिला असता. मी बटणावर हात ठेवला, आणि बटण आणखी नीट लावलं. "कशाला? छान बसलाय," मी म्हटलं. "असाच घालणार उद्या." त्याच्या तोंडावर जे उमटलं ते मी आजही विकणार नाही. शब्द खोटे दिलेस ना, ठीक आहे. सुरकुत्या तर खऱ्या आहेत.

लग्नाला मी तो कोट घातला. सभागृहात शंभरेक माणसं होती आणि मी एकेकाच्या समोर जाऊन उभा राहिलो. "कोट नवा वाटतं?" "हो. भावजींनी शिवलाय. स्वतःच्या हातानं." लोक सुरकुत्या बघायचे, एकमेकांकडे बघायचे, "वा" म्हणायचे. त्याची जुनी गिऱ्हाइकं तर पाठीमागे जाऊन खांदे बघत होती. तो पलीकडे भिंतीशी उभा होता. कुणीही माझ्याशी बोललं की त्याची नजर इथे यायची, काखेतल्या चुणीवर थांबायची, परत जायची. मी दिवसभर बसलो नाही, बसताच येत नव्हतं. जेवलो नाही, घास खाली उतरायला जागा नव्हती. पण समाधान होतं. फोटोत आम्ही शेजारी उभे राहिलो, तो माझ्याकडे न बघता पुटपुटला, "श्वास घ्या, मेहुणे," आणि मी घेतला नाही.

शेवटी निघायची वेळ झाली. भाची सगळ्यांना भेटत भेटत आली, निळी, झळझळीत, डोळे भरलेले, नाक लाल झालेलं. "मामा," असं म्हणून तिनं दोन्ही हात पसरले आणि माझ्यासमोर थांबली. मी तिला जवळ घ्यायला हात उचलले. कोपरापर्यंत आले, पुढे येईनात. मी जोर केला. तिनं वाट बघितली, मग हसल्यासारखं केलं. "मामा? रागावलायस का माझ्यावर?" नाही गं, म्हणायला छातीत हवा नव्हती. मी पुन्हा जोर केला, सगळा, बहात्तर वर्षांचा. म्हटलं फाटू दे, काखेत फाटू दे, पाठीवर फाटू दे, शंभर माणसांत टर्रकन आवाज होऊ दे. तिच्या खांद्यावरून मला तो दिसला, भिंत सोडून दोन पावलं पुढे आलेला, हात अर्धवट उचललेले, जसं काही तोही माझ्याबरोबर कोट ओढून बघत होता. काही उसवलं नाही. त्यानं घातलेला एक टाकासुद्धा निघाला नाही.